मंचरचा नवा फोटोग्राफर

मंचर आणि आसपासच्या गावांतला नवा फोटोग्राफर साधारण बाविशीचा असतो. त्याच्या धंद्यात आधी नाव येते, कॅमेरा मागाहून. आडनावापुढे ‘फोटोग्राफी’ लावली की संस्था स्थापन झाली. तिचा सोनेरी शिक्का मोबाईलवरच तयार होतो आणि पुढे प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात, प्रसंगी नवरीच्या पदरावरही, उमटतो. कॅमेऱ्याचे भवितव्य कांद्याच्या पट्टीवर ठरते. बाजार समितीत भाव बरा निघाला तर वडील बॉडी घेऊन देतात. पडला तर चिरंजीव एक हंगाम जुन्या स्टुडिओवाल्याचा लाईट धरतात. खरे शिक्षण या दुसऱ्या वाटेनेच होते, पण ती कोणी आपखुशीने धरत नाही.

बॉडीबरोबर १८-५५ ची लेन्स येते. ती आपोआप आली म्हणून तिला मान नसतो. पहिल्या कमाईतून तो ५० मिलिमीटरची १.८ लेन्स घेतो, आणि ही निवड खरोखरच चांगली असते. लहान सेन्सरवर तिचा कोन ७५-८० मिलिमीटरच्या लेन्सइतका अरुंद होतो, चेहरा ओढला न जाता नीट येतो, प्रकाशही भरपूर मिळतो. शिवाय मागचे सगळे धूसर होते. या ‘ब्लर’वर त्याचा असा जीव जडतो की पहिले अख्खे लग्न तो १.८ अ‍ॅपर्चरवरच काढतो. नवरीचा डावा डोळा लख्ख, उजवा बरा, आणि मागे उभा असलेला मामा म्हणजे फेट्याच्या रंगाचा ढग. ज्या मामाने भाचीला बोहल्यावर आणले, त्याला हे कसे सांगायचे? घोळक्याला ५.६ किंवा ८ लागते, हे तो त्या मामाकडूनच शिकतो.

लग्नाआधी प्री-वेडिंग. त्यासाठी अवसरीचा घाट, डिंभे धरणाचे पाणी, फारच हौस असली तर नाणेघाट. सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास चेहऱ्याला उत्तम, हे त्याला पाठ असते. पण सकाळचा तास मेकअपमध्ये जातो, आणि संध्याकाळी उसाच्या कडेला थांबायला आंबेगाव-जुन्नरमध्ये कोणी तयार नसते, कारण बिबट्याची वेळही तीच. उरते भर दुपार. तेव्हा जोडप्याला झाडाच्या सावलीत घेऊन चेहरे उजेडाकडे वळवावे लागतात, नाहीतर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात.

लग्नात त्याचा विषय नवरा-नवरी असावा, अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात विषय असतो मानपान. मुहूर्त पत्रिकेत असतो. मंडपात निवेदक असतो. आजी, माजी आणि भावी अशा सर्व पदाधिकाऱ्यांचे स्वागत होऊन आशीर्वादपर भाषणे संपेपर्यंत मंगलाष्टकांना वाट पाहावी लागते. या काळात काढलेला प्रत्येक फोटो सक्तीचा असतो. शाल अर्धी खांद्यावर, नारळ दोघांच्या हातात, नजर कॅमेऱ्याकडे, ही पोझ चुकली तर सत्कार पुन्हा करावा लागतो, आणि तो आनंदाने पुन्हा केला जातो. अक्षता मात्र पुन्हा पडत नाहीत, कानपिळीही एकदाच होते. ३६ फोटोंच्या रोलवर वाढलेला जुना फोटोग्राफर या दोन क्षणांसाठी बोट राखून ठेवी. नवा तीन-चार हजार फोटो काढतो आणि नेमक्या अक्षतांच्या वेळी कार्ड बदलत असतो.

मंडपातल्या एलईडीची वेगळीच खोड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर सेकंदाच्या ५०० व्या भागावर ठेवले की वधूपित्याच्या कपाळावर पट्टे उमटतात. ५० व्या किंवा १०० व्या भागावर ते जातात. नवा फोटोग्राफर मात्र दोन लग्ने मांडववाल्याशी भांडतो.

यात्रांचा हंगाम आला की हाच प्राणी बैलगाडा घाटात दिसतो. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि त्याचे हेही गिऱ्हाईक परतले. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, दहा-बारा सेकंदांत संपते, म्हणून शटर हजाराव्या भागावर लागते. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी केलेला पहिला डिजिटल कॅमेरा एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घेई. तेवढ्यात पुढची बारी जुंपायला आली असती. फोटोत बैल आणि पुढे धावणारी घोडी सुटी दिसावी लागतात. मालक फोटो लांबून पाहत नाही, शिंगे मोजतो.

छपाईशी त्याची पहिली ओळख वाढदिवसाच्या फ्लेक्समुळे होते, आणि तिथेच घात होतो. फ्लेक्स लांबून पाहायचा असतो, म्हणून तो सगळे माफ करतो. कागद करत नाही. कागदावर इंचाला ३०० ठिपके धरतात: ४ बाय ६ ला १२०० बाय १८०० पिक्सेल, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल पुरतात, पण अल्बमच्या १२ बाय ३६ च्या जोडपानाला जवळपास ३९ लागतात. तेवढ्या पानभर पसरायला करवलीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो मिळतो. शिवाय स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून रंग जमवलेले असतात, त्यामुळे अल्बम संध्याकाळ झाल्यासारखा काळवंडून येतो. उजेड निम्म्यावर आणावा, लॅबला आधी एक छोटी प्रिंट काढायला सांगावी, मग बाकीचे द्यावे. हे दहा मिनिटांचे काम तो तिसऱ्या अल्बमपर्यंत टाळतो.

पोट भरते ते मात्र ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोवर. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे अर्ज सुटले की पांढऱ्या पडद्यासमोर रांग लागते. इथे ब्लर नाही, सोनेरी शिक्का नाही आणि उधारीही नाही.

उधारी अल्बमात असते. विसार मिळतो, लग्नाच्या दिवशी थोडे मिळतात, बाकी अल्बम दिल्यावर. अल्बम फोटो निवडल्यावर, आणि निवड दोन्ही व्याह्यांचे एकमत झाल्यावर. तोवर बारशाची ऑर्डर येते. घरात लग्न झालेले असेल तर निवड महिन्याभरात कळवावी, आणि बाकी बारशाच्या आधी द्यावी.