खोली निजामाची, ताबा इंग्रजांचा

शिक्षणासाठी वणीत येऊन किरायाची खोली किंवा वसतिगृहातील खाट मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला सहनिवासाचे, म्हणजे अनोळखी माणसांसोबत एका छपराखाली नांदण्याचे शास्त्र कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही, आणि त्यामुळे त्याला ते सोबत्याच्या साबणावर प्रयोग करूनच आत्मसात करावे लागते. वास्तविक या शास्त्राचा परिपूर्ण पाठ वणी ज्या प्रांतात मोडते त्या वऱ्हाडच्या इतिहासातच लिहिलेला आहे. परंतु इतिहास हा विषय केवळ गुणांपुरता वाचायचा असतो, अशी सार्वत्रिक समजूत असल्याने त्याचा व्यवहारात उपयोग होत नाही.

इंग्रजी अंमलाखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामाकडे थकत गेला, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला, आणि पुढे १९०२ च्या करारान्वये तोच प्रांत वर्षाला २५ लाख रुपये खंडाने इंग्रजांना कायमच्या पट्ट्यावर मिळाला. या व्यवस्थेत दोन संज्ञांमधील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे: ‘सार्वभौमत्व’ म्हणजे दप्तरात ज्याचे नाव असते त्याचा हक्क, आणि ‘ताबा’ म्हणजे पंख्याखालच्या खाटेवर जो प्रत्यक्ष लोळतो त्याचा हक्क. निजामाकडे पहिला राहिला आणि इंग्रजांकडे दुसरा गेला. १९३६ साली निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब लाभला, मात्र त्या बेरारचा, म्हणजे वऱ्हाडचा, कारभार काही त्याच्या हाती आला नाही. वसतिगृहाच्या नोंदवहीत दोन नावे आणि खोलीत चार अंथरुणे, ही स्थिती याच परंपरेतील होय. नोंद नसलेल्या रहिवाशास विद्यार्थी ‘पॅरासाइट’ म्हणतात. तो परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरता आलेला असतो, आणि चौथ्या महिन्यात खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावर त्याचाच शब्द अखेरचा ठरतो.

खुद्द वणीलाही हा अनुभव नवा नाही. आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वी वणीच्या नावाने ओळखला जाई, परंतु जिल्ह्याचे मुख्य ठाणे यवतमाळला होते, आणि अखेर १९०५ साली नावही ठाण्यामागोमाग तिकडेच गेले. दिवाळीला गावी जाताना खाटेवर केवळ आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवून निर्धास्त होणाऱ्या विद्यार्थ्याने या घटनेचे मनन करावे, कारण जिथे बिऱ्हाड असते तिथे पाटी आज ना उद्या जातेच.

१८५३ चा आणखी एक धडा असा की, प्रांत तोफांनीच जातात असे नाही, ते उधारीनेही जातात. खानावळीचे बिल एका सोबत्याने भरावे आणि दुसऱ्याने ‘पुढल्या महिन्यात देतो’ म्हणावे, असे तीन महिने चालले की कपाटाचा वरचा कप्पा, मोबाइलचा चार्जर आणि खिडकीलगतची जागा अनुक्रमे सावकाराकडे वर्ग होते. या कर्जबाजारीपणात शासनाचाही नम्र वाटा आहे. आदिवासी विकास विभागाच्या अनेक वसतिगृहांत २०१८ साली खानावळीऐवजी जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण आले, आणि त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. धोरणकर्त्यांच्या नजरेतून एक बारीकसा शारीरिक तपशील निसटला असावा, तो असा की भूक दिवसातून दोनदा ठरल्या वेळी येते, तर भत्ता आपल्या सवडीने येतो. आणि या दोहोंमधल्या काळात जो डबा पुढे सरकवतो तोच खरा रूम पार्टनर होय, अशी या संज्ञेची व्याख्या करता येते.

विदर्भातील सहनिवासाचा मध्यवर्ती प्रश्न मात्र कूलर हा आहे. कूलर म्हणजे तीन बाजूंना गवताच्या ताट्या आणि तळाशी पाण्याची टाकी असलेली पंख्याची पेटी. तिच्यातून येणारी हवा सर्वांची असते, आणि तिच्यात टाकायचे पाणी कोणाचेच नसते. वैशाखात कोळशाच्या ट्रकांची धूळ दोरीवरच्या पांढऱ्या शर्टाला राखी करून सोडते आणि रात्री उशीही तापलेली लागते, तेव्हा ज्याची खाट कूलरसमोर असते त्याचाच खांदा नेमका बादली उचलण्याच्या वेळी दुखतो, असे निरीक्षण आहे. सार्वजनिक मालमत्तेच्या ऱ्हासावर अर्थशास्त्राने जाड ग्रंथ लिहिले. परंतु ‘ज्याची बादली त्याचा झोत’ हे चार शब्द भिंतीवर खडूने लिहिल्यास त्या ग्रंथांचे सार एका रात्रीत अमलात येते.

दुसरा प्रश्न जवसाच्या चटणीचा. गावाकडून एसटीने आलेला डबा रात्री पूर्ण असतो आणि सकाळी अर्धा, आणि ‘आपल्यात काय तुझंमाझं’ हे त्यावरचे सर्वमान्य तत्त्वज्ञान पुढे केले जाते. या कृत्यास काही जण सविनय कायदेभंग समजतात, म्हणून येथे भेद स्पष्ट करणे भाग आहे. वणीत १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी १९३० साली पुसद येथे जंगल सत्याग्रह केला, तेव्हा राखीव जंगलातील गवत आधी जाहीर करून, उजेडी, शिक्षा भोगण्याच्या तयारीने कापले गेले. चटणी मात्र न सांगता, दिवा मालवून खाल्ली जाते, आणि शिक्षेची वेळ आली की बरणीच मुळात लहान होती असा बचाव होतो. जाहीर करून खाल्लेल्या चटणीवरून खोली फुटल्याचे सहसा ऐकिवात नाही.

अर्थात खोलीतले तंटे खोली मिळाल्यानंतरचे असतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारली, आणि पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींची मुले एका छपराखाली आणली. त्यानंतर इतका काळ लोटला, तरी खासगी खोल्यांसाठी ‘आडनाव-परीक्षा’ नावाची तोंडी परीक्षा लहानमोठ्या शहरांत अद्याप घेतली जाते. तिचा अभ्यासक्रम उमेदवाराच्या जन्माआधीच ठरलेला असतो, आणि अनुत्तीर्णांना ‘खोली कालच गेली’ असा निकाल अत्यंत सभ्य शब्दांत कळवला जातो. झरी-जामणी किंवा मारेगाव तालुक्यातल्या एखाद्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, आलेल्या मुलाला हा निकाल मिळतो, तेव्हा त्याला एखाद्या मित्राच्या खाटेवर ‘पॅरासाइट’ व्हावे लागते, आणि तेथे त्याचे आडनाव कोणी विचारत नाही. कूलरमध्ये पाणी टाकणार का, एवढेच विचारतात. घरमालकांच्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे.

१९०२ च्या करारातला ‘कायमचा’ हा शब्द पन्नास वर्षेही टिकला नाही. पट्टा घेणारे इंग्रज गेले, आणि पाठोपाठ देणाऱ्या निजामाची सत्ताही गेली. खिडकीलगतच्या जागेवरचा कायमचा हक्क तर शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी, बसस्थानकाकडे निघालेल्या ऑटोत गादी गुंडाळून ठेवताच संपतो. मागे उरतात भिंतीवरची खडूची अक्षरे आणि तळ कोरडा पडलेला कूलर, आणि जूनमध्ये येणारी नवी मंडळी अक्षरे पुसण्यापासून सुरुवात करतात.