जशी आहे तशी माहिती

सरकारी कचेरीतला कागद नाहीसा करायचा तर पूर्वी फार यातायात असे. वाळवीची वाट पाहावी लागे. उंदरांवर भिस्त ठेवावी तर ते नेमकी पगारबिलं कुरतडत आणि चौकशीची नस्ती तशीच ठेवत. अभिलेख कक्षाचं छत मनासारखं गळेल याचीही खात्री नाही. नव्या विंडोजने हे काम एका दुपारी उरकलं, आणि कागद गेला अशी तक्रार करायलाही जागा ठेवली नाही. फाईल जागच्या जागी आहे, नाव तेच, तारीख तीच, दोनदा टिचकी मारली की उघडतेसुद्धा. फक्त वाचता येत नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची फुकटची देखभाल संपली. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हे सुरक्षेचं साधन लागतं, ते जुन्या डब्यांत नाही, तेव्हा नव्या संगणकांची खरेदी निघाली. खरेदी म्हटल्यावर आपल्या प्रशासनाचा वेग पाहण्यासारखा असतो. जुने डबे निर्लेखित झाले. त्यांच्या पाठीमागे, प्रिंटरच्या जुन्या पोर्टात, बोटभर लांबीचं एक ‘लॉक’ खोचलेलं होतं. ते असेल तरच मराठी सॉफ्टवेअर चाले. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद नव्हती, म्हणून भंगारवाल्याला ते बिनपैशांनी मिळालं.

आणि मग कुणीतरी 2003 सालचं एक पत्र उघडलं. ‘महाराष्ट्र शासन’ असायचं तिथे ई, जी, के, जे, के, पुढे एक अवतरणचिन्ह आणि व्ही. साहेब म्हणाले, व्हायरस. संगणकवाला म्हणाला, साहेब, कृतीदेव. साहेबांनी विचारलं, तो कुठल्या विभागात आहे?

यात विंडोजचा काडीचाही दोष नाही. आपण वीसेक वर्षं मराठी टंकत होतो असं आपल्याला वाटत होतं. संगणक मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीच साठवत होता. आपण ‘म’ उमटवायचो, तो इंग्रजी ‘ई’ लिहून ठेवायचा, आणि कृतीदेव नावाचा फॉन्ट त्या ‘ई’ला बहुरूप्यासारखा ‘म’चा रंग फासून पडद्यावर उभा करायचा. फॉन्ट गेला, रंग उतरला. बरं, प्रत्येक कंपनीचा बहुरूपी निराळा. श्रीलिपीचा मजकूर आकृतीत नेला की सोंग बदललंच.

दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. विंडोज 2000 सोबत मंगल फॉन्ट घरपोच आला होता आणि तो आपल्याच र. कृ. जोशींनी घडवलेला. एक्सपीवर मराठी चालू करायला सेटिंगमधल्या एका चौकोनात बरोबरची खूण करून विंडोजची सीडी घालायची, एवढंच. पण सीडी साहेबांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली बदली होऊन गेलेल्या साहेबांकडे. महाराष्ट्रातल्या संगणकीय मराठीचा इतिहास लिहायला कुणी बसलं तर त्या किल्लीला एक प्रकरण द्यावं लागेल.

आता माहितीच्या अधिकाराकडे वळू. एका निवृत्त गुरुजींनी दहा रुपये भरून त्याच पत्राची प्रत मागितली. पूर्वी जन माहिती अधिकाऱ्याला ‘आढळून येत नाही’ असं लिहावं लागे, त्यावर अपील होई, वर बोलणी खावी लागत. या वेळी पत्र आढळलं. पानाला दोन रुपये घेऊन, तीस दिवसांच्या आत, शिक्का मारून ई-जी-के-जे-केच्या चार पानांची साक्षांकित प्रत गुरुजींच्या हाती पडली. सोबत शेरा: ‘माहिती उपलब्ध आहे त्या स्वरूपात पुरविण्यात येत आहे.’ इतकी निर्दोष अंमलबजावणी मी तरी पाहिलेली नाही.

मग एका उत्साही लिपिकाने इंटरनेटवरचा फुकटचा परिवर्तक शोधला. अक्षरं मराठी झाली, पण रफार पुढच्या घरी जाऊन बसला. ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’ झालं, ‘अर्ज’चा ‘अजर्’ झाला. हे अभिलेख ‘अ’ वर्गातले, म्हणजे कायम जतन करायचे. शिर्के आडनावाची माणसं त्यात ‘शिकेर्’ म्हणून कायम जतन झाली.

गुरुजी मात्र हटले नाहीत. त्यांनी फाईल सीडीवर मागून घेतली आणि रस्ता ओलांडून कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याच्याकडे लग्नपत्रिकांसाठी ठेवलेला एक्सपीचा संगणक अजून जिवंत आहे. पिवळा पडलेला कीबोर्ड, त्यात पेजमेकर, आणि फॉन्ट म्हणाल तर सगळी भावकी. त्याने पत्र उघडलं, छापलं, वीस रुपये घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड लॅमिनेट करायला घेतलं. तालुक्याचा दफ्तरखाना सध्या तिथे आहे. त्याची हार्डडिस्क बसली तर काय, हा प्रश्न कुणी विचारू नये. कचेरीने मात्र गुरुजींना पत्र धाडलं आहे: सदर माहिती आपणास वाचता कशी आली, याचा खुलासा करावा.

2023 साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी धावाधाव झाली. ते मिळाले, कारण कागदावरची मोडी निदान मोडीच राहिली होती. शाई फिकी झाली म्हणून मोडीने इंग्रजीत कारभार सुरू केला नाही. आणखी काही वर्षांनी ‘कृतीदेव वाचक पाहिजेत, मानधन तत्त्वावर’ अशी जाहिरात निघेल. अर्जदारांत झेरॉक्सवाल्याचा मुलगा असेल आणि शैक्षणिक अर्हतेअभावी तो बाद होईल.

प्रशासन अगदीच स्वस्थ बसलेलं नाही. जुने दस्तऐवज वाचनीय कसे करावेत, यावर समिती नेमली गेली. समितीने चहापानासह अभ्यास केला आणि यापुढे सर्वांनी युनिकोडच वापरावं अशी कडक शिफारस केली. अहवाल टंकायला कचेरीतले सर्वांत अनुभवी टंकलेखक बसवले. त्यांची बोटं रेमिंग्टनवर तयार झालेली, तेव्हा त्यांनी तो नेहमीच्या हाताने कृतीदेवात टंकला. पेनड्राइव्हवरून तो जिल्ह्याला गेला, तिथल्या नव्या संगणकावर उघडला, छापला आणि साहेबांपुढे ठेवला गेला. चौथ्या दिवशी परत आला. शेवटच्या पानावर, अवतरणचिन्हं आणि व्हींच्या खाली, हिरव्या शाईत शेरा होता: ‘वाचले. सहमत.’