टर्बोतज्ज्ञ

टर्बोतज्ज्ञ सहकारी गृहरचना संस्थांच्या पार्किंगमध्ये, मुख्यतः रविवारी सकाळी आढळतो. दीड लाख किलोमीटर पळालेल्या टर्बो पेट्रोल गाडीचे बोनेट उघडल्याचे त्याला तिसऱ्या मजल्यावर कळते. तो पाटबंधारे खात्यातून किंवा बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि त्याच्या हातात दुधाची पिशवी असते. "काका, खंबाटकी चढताना गाडी..." एवढे मालक म्हणतो न म्हणतो तोच निदान बाहेर पडते : "टर्बो गेला."

पुढची तपासणी केवळ या निकालाच्या पुष्टीसाठी असते. आधी प्रस्तावना होते. टर्बोचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ साली घेतले, हे तज्ज्ञाला तोंडपाठ असते. या गाडीचे ऑइल शेवटचे कधी बदलले, हे विचारायचे मात्र त्याला सुचत नाही.

त्याचे पहिले उपकरण कान. "रेस दे," असे फर्मावून तो डोळे मिटतो. उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसतो, त्यामुळे टर्बोचा दाब फारसा तयारच होत नाही. फुटका पाइप उघडा पडतो तो चढावर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर. पण तिथवर यायला तज्ज्ञाला सवड नसते, दूध नासेल. शिवाय मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या पंख्याची बारीक शीळ निरोगी टर्बोतही ऐकू येते. तज्ज्ञाच्या कानी ती मृत्युघंटा असते.

दुसरे उपकरण डोळे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, इथपर्यंत त्याचे बरोबर असते. पण एवढ्या पळालेल्या इंजिनात ते झिजलेल्या पिस्टन रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधूनही येऊ शकते. डिसेंबरातल्या पहाटे सायलेन्सरमधून निघणाऱ्या निरुपद्रवी वाफेवरूनही काही टर्बोंना मृत ठरवण्यात आले आहे.

तिसरे उपकरण बोट, आणि सर्वांत घातक हेच. पाइप काढून आत बोट फिरवायचे आणि तेलकट बोट जमलेल्यांना दाखवायचे. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ पुन्हा हवेच्या वाटेने आत सोडलेली असते, त्यामुळे पातळ थर तिथे असायचाच. काळजी करायची ती आत थारोळे असेल तर. मग पंखा हलवून पाहणे : "बघा, हलतोय!" दांडा ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो, म्हणून आडवा किंचित हलणे त्याच्या रचनेतच आहे. पुढे-मागे हलणे आणि पात्यांनी घरावर ओढलेले ओरखडे वाईट. हा फरक पार्किंगपर्यंत पोहोचलेला नाही.

गॅरेजमधला मेकॅनिक नेमका उलटा चालतो, स्वस्तापासून महागाकडे. स्कॅनरवर 'पी ०२९९' उमटले, तर अपेक्षेपेक्षा दाब कमी, एवढाच त्याचा अर्थ. टर्बो मेल्याचा तो दाखला नव्हे. म्हणून तो एअर फिल्टर, पाइपांच्या क्लिपा, इंटरकूलरचे जोड, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि वेस्टगेटची दांडी पाहतो. हवेच्या वाटेत धूर भरून तो कुठून डोकावतो ते बघतो. चढावर गचके असतील, तर जुने स्पार्क प्लग आधी बदलतो, कारण दाब वाढला की थकलेला प्लग प्रथम दगा देतो. टर्बोची पाळी शेवटी येते. पुष्कळदा येतच नाही. ढिली क्लिप आवळून गाडी परत येते. तज्ज्ञ ती पाहतो आणि म्हणतो, "तात्पुरतं आहे."

कधीमधी टर्बो खरोखर गेलेला असतो : सायरनसारखा चढता आवाज, निळा धूर, आठवड्यागणिक उतरणारे ऑइल. असा एक टर्बो तज्ज्ञाला पुढची दहा वर्षे पुरतो. तो कशाने गेला, हे मात्र कोणी पाहत नाही. वेळेवर न बदललेल्या ऑइलचा जळका गाळ टर्बोकडे जाणाऱ्या बारीक नळीत साचतो, बेअरिंग कोरडे पडते आणि दांडा झिजतो. ती नळी तशीच ठेवून बसवलेला नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. त्यावरचे निदानही तयार असते : "डुप्लिकेट लावला असणार."