दूध उतू गेलं

परवा सकाळी आमच्या घरी दूध उतू गेलं. वाक्य नीट वाचा. दूध स्वतःच्या मर्जीने उठलं, पातेल्याबाहेर पडलं आणि ओट्यावरून चालतं झालं. गॅससमोर मोबाइलमध्ये डोकं घालून उभा असलेला मी या वाक्यात कुठेच नाही.

माणूस स्वतंत्र बुद्धीने वागतो की परिस्थिती त्याला वागवते, यावर तत्त्वज्ञ शेकडो वर्षं भांडताहेत. मराठी माणसाने हा तंटा व्याकरणातच मिटवून टाकलाय. बशी फुटते, उशीर होतो, डोळा लागतो, वीजबिल भरायचं राहून जातं. चूक तर कोणी करतच नाही, ती 'हातून' होते. हात जणू शेजाऱ्याकडून उसना आणलेला. रागसुद्धा आपण करत नाही, तो येतो. पाहुण्यासारखा येतो आणि जाताना आपल्याच माणसांना चार शब्द सुनावून जातो. घर मात्र 'मी बांधलं'. त्या वाक्यात गवंड्याला जागा नाही, बँकेच्या कर्जाला तर नाहीच नाही. सवय शाळेपासूनची आहे: पास मी झालो, नापास मास्तरांनी केलं.

सार्वजनिक जीवनात या व्याकरणाचं सोनं होतं. फीत कापताना पूल 'आम्ही बांधला' असतो. दोन पावसाळ्यांनंतर तो 'कोसळतो'. फाइल गहाळ होते. निधी परत जातो, बहुधा एकटाच, लाल डब्याच्या गाडीने. आणि अगदीच गळ्याशी आलं की 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' दिलगिरी व्यक्त होते. त्यात दुखावणारा कोण ते विचारू नका. तो कर्ता त्या फाइलीबरोबरच गहाळ झालाय.

दुसऱ्याची पाळी आली की हीच भाषा एकदम कर्तरी प्रयोगात शिरते. मी सिग्नल तोडतो तेव्हा मला घाई 'झालेली' असते. समोरचा तोडतो, कारण तो बेशिस्त आहे, त्याला वळण नाही, आणि गाडीची पाटी पाहिली की त्याच्या अख्ख्या जिल्ह्यालाच नाही.

सबब अगदीच खोटी असते असंही नाही, ही खरी पंचाईत आहे. अमेरिकेतल्या जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण संस्थेतले चाळीस विद्यार्थी, म्हणजे उद्याचे पाद्री. त्यांना छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत धाडलं. काहींचा विषयच होता वाटेत पडलेल्या जखमी परक्याला उचलणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. तो अर्थात प्रयोगकर्त्यांनीच बसवलेला. ज्यांना सवड होती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला चक्क ओलांडून गेले.

म्हणजे संस्कार, धर्म, वाचन वगैरे सगळं घड्याळाच्या काट्याने गुंडाळून ठेवलं. मी हा आकडा बरीच वर्षं ढालीसारखा वापरला. अलीकडे मात्र तो उरलेला दहावा माणूस मला छळतो. उशीर त्यालाही झाला होता. भाषण त्यालाही द्यायचं होतं. तो थांबला. परिस्थिती माणसाला ढकलते हे शंभर टक्के कबूल, पण ढकललेले सगळेच पडत नाहीत, आणि आपण पडल्यावर दोष नेहमी ढकलणाऱ्याच्याच खात्यावर लिहितो.

निदान कायद्यापुढे तरी हे व्याकरण चालत नाही. 'नशेत घडलं' ही आपल्याकडची जुनी, लाडकी सबब. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ नुसार ती तेव्हाच ऐकली जाते, जेव्हा शुद्ध हरपलेल्या माणसाला नशा त्याच्या नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध दिलेली असते. थोडक्यात, घडलं काय ते नंतर. आधी सांगा, पेला कोणी उचलला?

म्हणून परवा ओटा पुसता पुसता मी प्रयोग केला. ठणठणीत आवाजात बायकोला सांगितलं, "मी दूध उतू घालवलं." ती बाहेर आली, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

ताप नव्हता. दूध आणायला मीच गेलो.