सॉस बाजूला

न्यू यॉर्कमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री एक पुरुष धापा टाकत पार्टीत पोचतो आणि एका बाईला सांगतो : बाहेर ७१ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे आपले जवळजवळ २२, असताना तुला थंडी वाजते आणि एक सँडविच मागवायला तुला दीड तास लागतो, हेच तर मला आवडतं! १९८९च्या ‘व्हेन हॅरी मेट सॅली’मधल्या या प्रसंगाला भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. माझे नाही. मला पुढचं दिसतं. २२ डिग्रीत जिला थंडी वाजते तिच्याशी लग्न करायचं, म्हणजे पंखा एकवर की तीनवर हा खटला आजन्म चालवायचा.

आणि ते मागवणं! सॅलीला ॲपल पाय गरम हवा, आइस्क्रीम त्यावर नको, बाजूला; व्हॅनिला नको, स्ट्रॉबेरी; ती नसेल तर क्रीम, पण खरं; डब्यातलं असेल तर तेही नको, आणि मग पाय गरमही करू नका. आमच्याकडे बायकोचं हे मसाला डोशाबाबत चालतं. कडक हवा, भाजी आत नको, वेगळ्या वाटीत. वेटर म्हणतो, “म्हणजे साधा डोसाच ना?” “नाही, फरक आहे.” काय फरक आहे ते मला आजवर कळलेलं नाही. पण वेटरने माझ्याकडे पाहिलं, की मीही ठामपणे मान हलवतो. आहे, फरक आहे.

या सिनेमातलं खरं प्रेम मला त्या धावपळीत नाही, मधूनमधून सोफ्यावर येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांत दिसतं. दिग्दर्शक रॉब रायनर यांनी खऱ्या जोडप्यांच्या हकिकती जमवल्या आणि नटांकडून सांगवल्या. एक चिनी आजोबा लग्नाआधी चोरून मुलीच्या गावी जातात आणि झाडाआड लपून तिला कपडे धुताना बघून येतात. पसंत पडली, ५५ वर्षं झाली. आमच्या पोह्यांच्या कार्यक्रमापेक्षा ही पद्धत बरी. निदान सगळं काकू तर ऐकत नसतात. दुसरं जोडपं लिफ्टमध्ये कसं भेटलो ते सांगतं. दोघं एकाच वेळी बोलतात, कुणी थांबत नाही, आणि तरी गोष्ट कुठे सांडत नाही. याला मी संसार म्हणतो.

आमचं कसं जमलं हे मी पाहुण्यांना सांगू लागलो, की “निळा शर्ट घातला होता,” एवढ्यावरच अडतो. “चौकड्यांचा होता. आणि अहो, भाऊजींचा होता.” पाहुण्यांना तिचीच आवृत्ती पटते. मलाही आताशा तीच आठवते.

तेव्हा सिनेमा जोडीने बघा, पण हॅरी धावत आला म्हणून लगेच उठू नका. शेवटी तीही दोघं सोफ्यावर येतात आणि लग्नातल्या नारळाच्या केकबद्दल बोलू लागतात. चॉकलेट सॉस बाजूला का ठेवला होता, हे तेव्हा हॅरी समजावून सांगतो.