त्रिकोणी काचेचा खटका

आमची फियाट 1968 सालची, कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. तिच्या पुढच्या दारांना एकेक त्रिकोणी काच आहे. ती तिरकी केली की वारा थेट नाकावर येतो. आमचा एसी तोच. 2023 च्या उन्हाळ्यात माझ्या बाजूच्या काचेचा खटका तुटला. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण तो गेल्यापासून काच स्वतःच्या मर्जीने उघडमीट करू लागली.

"सुतळीने बांधा की," बायको म्हणाली.

पन्नाशी उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 2021 च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' ठरते. सुतळी मूळ रूपात धरतात की नाही, याबद्दल नियम गप्प आहेत. मी जोखीम घेतली नाही.

आमच्या मिस्त्रींनी तुकडा उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि 'आता घरी न्या' सांगणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाले, "साहेब, हा माल आता येत नाही."

मी नाना पेठ गाठली.

"कुठली गाडी?"

"फियाट."

"पुंटो की लिनिया?"

"अकराशे."

"सीसी?"

"नाव. सीसी एक हजार एकोणनव्वद."

दुकानदाराने आत वळून मोठ्याने विचारलं, "अण्णा आहेत का हो?" अण्णा जेवायला गेले होते. आम्ही दोघांनी त्यांची तासभर वाट पाहिली. अण्णा आले, तुकडा पाहून गहिवरले, स्वतःच्या पहिल्या गाडीची हकिकत सांगितली आणि "नाही" म्हणाले.

रविवारी जुना बाजार. तिथे फियाट सोडून सगळं मिळतं. मी एक पितळी अडकित्ता घेऊन परतलो. बायकोने तो हातात घेऊन विचारलं, "हा बसतो का काचेला?"

मग मुंबई, ऑपेरा हाउस. तिथे खटका निघाला. पद्मिनीचा, पण आमच्या फियाटचीच ती पुढची पिढी. फक्त तो डाव्या दाराचा होता आणि माझं उजवं होतं. "बसेल," दुकानदार म्हणाला. 'बसतो' आणि 'बसेल' यांत किती अंतर आहे, हे जुन्या गाडीवाल्याला व्याकरणाच्या मास्तरांपेक्षा जास्त कळतं. मी नको म्हटलं.

अशातच ऑक्टोबर आला. 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं भरून रस्त्यावरून उतरली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या आठवणींनी सारी मुंबई हळवी झाली. कुणी तिच्यातून लग्नाला गेलं होतं, कुणी प्रसूतीला. मीही पेपरातला फोटो डोळ्यांशी धरून बसलो होतो.

"एवढं वाईट वाटतंय?" बायकोने विचारलं.

मी भिंगातून उजव्या दाराची त्रिकोणी काच पाहत होतो. खटका शाबूत होता.

लाज वाटली, पण तीही दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी मी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे होतो. ती टॅक्सी नव्हे, पण तिची कुणीतरी आधी गेलेली बहीण तिथे दारं काढून निजली होती. उजव्या दाराचा खटका मिळाला. मिस्त्रींनी दहा मिनिटं कानस मारली आणि तो बसला. त्याच्या कडेला टॅक्सीचा काळा रंग अजून आहे. मी तो खरवडलेला नाही. जुनी गाडी टिकते ती मालकाच्या मायेने, असं मी चारचौघांत सांगत असे. हल्ली सांगत नाही. ती टिकते बहिणींच्या मरणावर.

परवा पेट्रोल पंपावर एक तरुण जवळ आला. "काका, काय जपलीय हो! तब्येत बरी असते ना तुमची? कधी काढायची झाली तर आधी मला सांगा." बोलणं माझ्याशी चाललं होतं आणि नजर पुढच्या व्हीलकॅपवर होती. ती नजर मी लगेच ओळखली.

त्या संध्याकाळपासून आमच्या चारही व्हीलकॅप गव्हाच्या डब्यामागे आहेत.