तीन रात्री, एक तक्ता आणि तिथीची पाऊणपट

ऐकलंत का? आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मे महिन्यात दापोलीला निघाल्यात. त्यात काय एवढं, म्हणाल. जायचंय मेमध्ये आणि तक्ता तयार झालाय संक्रांतीला! एक्सेलमध्ये, रंगीत. समुद्र निळा, देऊळ पिवळं, किल्ला लाल आणि खाणं चक्क जांभळं. सकाळी ७.१० ला 'घावन (दोन)' असं लिहिलेलं मी या डोळ्यांनी वाचलंय. तिसरं घावन कुणाला हवं झालं तर पुढचा सगळा दिवस कोलमडणार म्हणे.

आणि हे एकट्या वहिनींचं नाही हो, साथच आलीय. आपल्या लहानपणी कोकण म्हणजे आजोळ. एसटीतून उतरायचं आणि शाळा उघडेपर्यंत आंबे खात लोळायचं, 'आज काय बघायचं' हा प्रश्नच नव्हता. आता ज्यांचं कोकणात कुणीही नाही तीही मंडळी तीन रात्रींसाठी जातात आणि तिथे 'बेस' करतात. बेस म्हणजे एकाच गावी बॅगा टाकायच्या, रोज सकाळी एक दिशा धरायची, रात्री जेवायला परत. रोज नव्या गावी मुक्काम करणाऱ्यांकडे ही मंडळी ज्या कीवेने बघतात ना, ती बघवत नाही.

वहिनींचा बेस मुरूड. जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीचं, महर्षी कर्व्यांचं. 'कर्व्यांचं' हे त्या दर वेळी सांगतात, कारण त्यांच्या नणंदेने गेल्या वर्षी चुकून दुसऱ्याच मुरूडचं बुकिंग केलं होतं आणि ते त्यांना अजून पुरतंय. पहिला दिवस हर्णैचा. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव आणि त्याआधी होडीने सुवर्णदुर्ग. हा किल्ला २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेला, राज्यातल्या आणखी दहा आणि तमिळनाडूतल्या जिंजीसह. तेव्हापासून ज्यांना राजगड आणि रायगड यांतला फरक सांगता येत नव्हता तेसुद्धा 'आमचे बारापैकी चार झाले' असं लग्नात सांगत फिरतात. मोजताहेत हो, मोजताहेत! लिलावाचंही तसंच. घ्यायची असते पाव किलो कोळंबी, पण उभं राहायचं पापलेटांच्या ढिगाशी, बोली लावणाऱ्यासारखा चेहरा करून. आणि हे सगळं मेमध्येच उरकायला हवं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा बंदरावर जाऊन बघायचं काय, तर शाकारलेल्या होड्या.

पण खरी मजा दुसऱ्या दिवसाची. त्यावरून घरात जे झालं ते सांगू नये, पण सांगते. वहिनींच्या जाऊबाईंना जायचंय उत्तरेला. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशी, मग वेश्वीला गाडी फेरीबोटीत घालायची, सावित्रीची खाडी ओलांडून बागमांडला आणि तिथून हरिहरेश्वर. कशासाठी? तर प्रदक्षिणेसाठी. ती वाट देवळामागे कातळातून पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरते, ओहोटीलाच मिळते. भावजींचा हट्ट दक्षिणेचा. दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीतून धोपाव्याला, पुढे गुहागर आणि तिथून हेदवीची बामणघळ. खडकातली चिंचोळी भेग, लाट आत घुसते आणि पाणी कारंज्यासारखं उसळतं. त्यांना त्याचा व्हिडिओ हवाय. आणि ती उसळते भरतीला, त्यातही उधाणाची भरती असेल तर बघण्यासारखी.

म्हणजे जावेला ओहोटी, दिराला भरती. आणि वहिनी दोघांना म्हणतात, दोन्ही एकाच दिवशी बसवते!

बसवलं की हो. मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक उघडलं, रकाने पाडले, रात्री साडेअकरापर्यंत तिघं खलबत करत होते. शेवटी आतून सासूबाई आल्या. त्या मूळच्या गुहागरकडच्या. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि विचारलं, "त्या दिवशी तिथी काय?" पौर्णिमा. "मग पंधराची पाऊणपट करा. सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमाराला भरती पूर्ण, तिथून सहा तासांनी सुकती. पौर्णिमा आहे म्हणजे उधाणही आहे. सकाळी हेदवी, संध्याकाळी हरिहरेश्वर." मोबाईल बघितला, तर फरक पाव तासाचाही नाही. मग भावजींनी हळूच अष्टमी सुचवून बघितली. "आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती, आणि तीही भांगाची, मरतुकडी. तुझी घळ काही उसळायची नाही. आणि ओहोटी भर बाराला. मेच्या उन्हात अनवाणी कातळावर चालायचं असेल तर जा." इतकं बोलून बाई झोपायला गेल्या. तेव्हापासून तक्त्यात तिथीचा नवीन रकाना आलाय, रंग केशरी.

पण हेदवीहून हरिहरेश्वर म्हणजे दिवसात दोन खाड्या, आणि दोन्हीकडे मे महिन्यातली गाड्यांची रांग! बोटीत गाडी चढायला अमुक मिनिटं, असं वहिनींनी लिहून ठेवलंय. पुढच्या माणसाला उलटी गाडी घेता येत नसली तर किती मिनिटं, ते लिहिलेलं नाही. आणि असा एक माणूस प्रत्येक फेरीला असतोच.

हा सगळा पसारा वहिनींनी मुरूडच्या काकूंना, ज्यांच्या घरी उतरायचंय त्यांना, पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग काकूंचा फोन. "ताई, चित्र छान आहे. पण पानं किती? आणि मोदक हवे असतील तर आदल्या रात्री सांगा, आयत्या वेळी नारळ खवत बसणार नाही." वहिनींना हे लागलं. रंगांबद्दल एक अक्षर नाही!

तरीही काकूंचा नंबर म्हणजे घरातला दागिना. गावाचं नाव सांगतील, वाटेतल्या वडापावची गाडी सांगतील, पण नंबर विचारला की "मोबाईल चार्जिंगला आहे." सख्ख्या बहिणीला दिला नाही. ग्रुपवर टाकलेल्या फोटोत काकूंच्या फाटकावरची पाटी दिसत होती, ती बोटाने खोडून टाकली.

आणि काल काय कळावं? दुसऱ्या मजल्यावरच्यांनी मुरूडच ठरवलंय. त्याच काकू, तीच पौर्णिमा, शेजारची खोली. तक्तासुद्धा तोच, फक्त घावन तीन केलीत. वहिनी अजून अनभिज्ञ आहेत. फाईल कशी फुटली याची चौकशी होणार म्हणतात. मी आत्ताच सांगून ठेवते, माझ्याकडून गेलेली नाही. मी फक्त छापून घेतली होती, आणि तो कागद बाकावर किती वेळ पडला होता ते मला काय माहीत.